बारा बैठकांत कार्यकर्ता: गावात, पेठेत नागरी नेतृत्वाचा वर्ग कसा चालवायचा

कोल्हापूरला आंदोलन शिकवावं लागत नाही. टोलविरोधी लढ्याच्या वेळी साऱ्या राज्यानं ते बघितलं. एक हाक दिली की दसरा चौकात माणूस गोळा होतो. अडतं ते दुसऱ्या दिवशी. निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. पुढं त्या निवेदनाचं काय झालं हे विचारायला कोण जाणार, कुठल्या टेबलाला जाणार आणि काय विचारणार, इथं गाडी रुतते. म्हणून प्रौढांसाठी नागरी नेतृत्वाचा वर्ग काढणार असाल तर भाषणकला आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ यांना मागच्या बाकावर बसवा. अर्ज, पोच, सभा, ठराव, अंदाजपत्रक आणि पाठपुरावा या सहा गोष्टी हाताला बसल्या की बोलायचं धाडस बहुतेकांना आपोआप येतं, कारण बोलायला हातात काहीतरी असतं.

खालचा आराखडा बारा बैठकांचा आहे: आठवड्याला एक, प्रत्येकी दोन तास. पहिल्यांदाच वर्ग घेणाऱ्यांनी यात काटछाट करण्याआधी एकदा तो जसाच्या तसा चालवून बघावा.

गट जमवताना

वीस जण घ्या. पंधराच्या खाली गेलात तर गळती झाल्यावर नमुना सभा खेळायला माणसं उरत नाहीत, आणि पंचवीसच्या वर गेलात तर प्रत्येकाचा अर्ज तपासून द्यायला वेळ पुरत नाही. वीसातले चार-पाच मधेच सुटणार हे धरूनच चाला.

फलक लावून किंवा व्हॉट्सअॅपवर आवाहन करून गट जमवू नका. तसं केलं की जे आधीच पुढारी आहेत किंवा व्हायला निघालेत तेच पहिल्या रांगेत येऊन बसतात. तुम्हाला हवीत ती माणसं कुठं ना कुठं वही लिहीत असतात. बचत गटाची सचिव, दूध संस्थेत रोज सकाळी फॅटची नोंद घेणारा, पाणीपुरवठा संस्थेचा पाणी सोडणारा पाटकरी, तालीम मंडळाचा खजिनदार, गणपतीच्या वर्गणीची पावती फाडणारं आणि हिशोब जुळवणारं पोरगं, आशाताई. शाळा व्यवस्थापन समितीतले पालकही विसरू नका. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे तयार गट तुमच्या गावात आधीच आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतल्या बायकांना तर नियमित बैठक, बचत, कर्जाची परतफेड, वह्या लिहिणं याची सवय असते. सभेच्या शिस्तीत त्या पदवीधर पुरुषांच्या पुढं असतात, हे पहिल्याच नमुना सभेत दिसून येतं.

निम्म्या जागा बायकांच्या. त्यांना जोडीनं बोलवा. एकटी आलेली बाई तिसऱ्या बैठकीपर्यंत टिकणं अवघड. जाऊबाई किंवा शेजारीण बरोबर असेल तर घरातूनही अडवणूक होत नाही.

गावात दोन पार्ट्या असणारच. कारखान्याची, दूध संघाची किंवा आमदारकीची, नाव काहीही असो. दोन्हीकडची माणसं घ्या आणि पहिल्याच बैठकीत एक नियम कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: वर्गात पक्ष, गट, उमेदवारी यावर चर्चा नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक सहा महिन्यांच्या आत असेल तर वर्ग पुढं ढकला. त्या काळात वीस माणसं कुठंही जमली तरी गाव म्हणतं, पॅनेल बांधायला लागलेत.

वेळ आणि जागा

गावातल्या बायकांना दुपारी एक ते तीन बरं पडतं, कारण संध्याकाळी पाच वाजता धार काढायची असते आणि त्यानंतर चूल. पुरुष रात्री आठनंतर मोकळे होतात. दोघांना एकत्र बसवायचं तर रविवारी दुपारी दोन ते चार हीच काय ती वेळ. ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड आहे: उसाला तोड आली की घरातलं माणूस फडावर जातं आणि तोडीची तारीख आधी कळत नाही. अशा गैरहजेरीला दंड किंवा टोमणा नको. जोडीदारानं त्या दिवसाची वही उतरवून द्यायची, एवढंच ठरवून ठेवा.

तारखा ठरवताना पुढं मोजू नका, उलटं मोजा. बहुतेक गावांत २६ जानेवारीला ग्रामसभा असते. वर्गाची अकरावी बैठक तिच्या आदल्या आठवड्यात यावी, म्हणजे सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दिवाळी मधे येत असेल तर एक आठवडा सोडा. १ मेची ग्रामसभा धरूनही वर्ग बसवता येतो, पण मग कार्यालयभेटी मार्चमध्ये येतात आणि मार्चअखेरला वसुलीच्या गडबडीत तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. पावसाळा तर सोडाच. शहरात ग्रामसभा नाही; तिथं लक्ष्य महापालिकेच्या अंदाजपत्रकावर ठेवा आणि मागणी डिसेंबरच्या आत प्रशासनाकडं पोचेल असं बघा.

जागा अशी हवी जिथं कुणालाही जायला संकोच वाटणार नाही. एका पार्टीच्या नेत्याचं सभागृह नको, कुणाचा बंगला नको. मराठी शाळेचा वर्ग उत्तम. तालमीत बायका सहज येत नाहीत, तेव्हा पेठेत वर्ग असेल तर वाचनालय किंवा अंगणवाडी बघा. सामान थोडंच लागतं: दोनशे पानी दोन रजिस्टर, कार्डशीट, चार मार्कर, ३० मीटरची एक मोजपट्टी आणि जवळपास झेरॉक्सचं दुकान.

एकच प्रश्न

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाकडून गावातला किंवा गल्लीतला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. वीस चिठ्ठ्या येतील, त्यातल्या आठ रस्त्याच्या असतील. त्यातून पूर्ण वर्गासाठी एकच निवडायचा. निवड लोकप्रियतेवर करू नका, या चार कसोट्यांवर करा: तो सोडवण्याचा अधिकार तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या आतल्या एखाद्या अधिकाऱ्याकडं आहे का? तो मोजता येतो का? तीन महिन्यांत काहीतरी हालचाल दिसेल का? आणि तो सुटल्यानं वर्गातल्याच कुणाचं नुकसान होणार नाही ना?

चौथी कसोटी सगळे विसरतात. पाणंद रस्त्यावरचं अतिक्रमण हा प्रश्न फार वेळा निवडला जातो आणि दुसऱ्याच आठवड्यात कळतं की बांध सरकवणारा गडी वर्गातल्याच एकाचा चुलता आहे. वर्ग तिथंच मोडतो. पंचगंगेचं प्रदूषण हाही पहिल्या वर्गाचा प्रश्न नव्हे. तो महत्त्वाचा आहे, पण त्यात कारखाने, शहरं, गावं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ असे इतके धागे आहेत की बारा आठवड्यांत शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुंबलेलं गटर, बंद पडलेले पथदिवे, अंगणवाडीचं गळकं छप्पर, स्मशानशेडला नसलेलं पाणी असे प्रश्न घ्या.

तिसरी बैठक वर्गात घेऊच नका. जागेवर जा, पट्टीनं मोजा, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि घरांचे क्रमांक लिहा. ‘बरेच दिवे बंद आहेत’ असं म्हणणारा गट परत येतो तेव्हा त्याच्या वहीत ‘मारुती मंदिर ते दूध संस्था, १४ खांब, ६ दिवे बंद, २ खांबांना दिवाच नाही’ असं लिहिलेलं असतं. एवढा फरक एका तासात पडतो.

हे कोणाचं?

चौथी बैठक सगळ्यात मजेची आणि सगळ्यात उपयोगाची. कार्डांवर तीसेक कामं लिहा, भिंतीवर कार्यालयांची नावं चिकटवा आणि जोड्यांना कार्डं वाटून लावायला सांगा. पहिल्या फेरीत निम्मी कार्डं चुकीच्या जागी जातात.

रस्ता हे एकच उदाहरण घ्या. गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. खड्डा एकाच्या हद्दीत आणि अर्ज दुसऱ्याकडं, असं झालं की तीन महिने फुकट जातात आणि शेवटी उत्तर येतं, ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.’ पथदिव्याचंही तसंच: दिवा ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा, तारा आणि डीपी महावितरणच्या.

शहरात महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट. आपली गल्ली यांपैकी कुठल्या कार्यालयात येते हे वर्गातल्या प्रत्येकाला पाठ हवं. गटर, कचरा, दिवे यांसाठी थेट आयुक्तांना निवेदन देण्याची हौस आपल्याकडं फार. आयुक्तांच्या शिक्क्यानिशी ते खाली विभागीय कार्यालयातच येतं, फक्त आठ-पंधरा दिवस उशिरा.

गावात माणसं ओळखताना पदनामं नवी घ्या. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी. बोलताना लोक जुनंच म्हणतात, ते म्हणू देत. अर्जावर मात्र नवं लिहा.

अर्ज: दोन बैठका, घाई नको

पाचवी आणि सहावी बैठक फक्त अर्जासाठी ठेवा. पहिल्यांदा काहीही न शिकवता सगळ्यांना अर्ज लिहायला लावा. जवळजवळ सगळे अर्ज असे येतात:

‘आमच्या भागात गटरची अत्यंत दुरवस्था झाली असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे. तरी याची गांभीर्याने दखल घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’

फळ्यावर हा अर्ज लिहा आणि विचारा: तुम्ही त्या टेबलावर बसलेले कनिष्ठ अभियंता आहात, हा कागद वाचून उद्या सकाळी नक्की काय कराल? कुणालाच सांगता येत नाही, कारण जागा, लांबी, मागणी यांतलं काहीच त्यात नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ मागितली की ‘नोंद घेतली आहे’ हीच योग्य ती कार्यवाही होते. मग तोच अर्ज असा लिहून घ्या:

‘विषय: मधली गल्ली, घर क्र. १४ ते २२ समोरील ४० मीटर गटर तुंबल्याबाबत.
संदर्भ: आमचा यापूर्वीचा अर्ज, आवक क्र. व दिनांक.
वरील गटरमध्ये सुमारे दीड फूट गाळ साचला असून घर क्र. १८ समोर ३ मीटर बांधकाम फुटले आहे. सांडपाणी रस्त्यावर येते. फोटो ४ सोबत जोडले आहेत.
मागणी: १) ४० मीटर गटरमधील गाळ काढावा. २) घर क्र. १८ समोरील ३ मीटर भाग दुरुस्त करावा. ३) ही दोन्ही कामे कोणत्या तारखेपर्यंत होतील, ते लेखी कळवावे.’

तिसरी मागणी सर्वात मोलाची. तारीख मागितली नाही तर उत्तर देणं कुणाला बंधनकारक वाटत नाही, आणि उत्तर नसलं की पाठपुरावा कशाचा करायचा हेच कळत नाही. आंदोलनाची धमकी पहिल्या अर्जात काढून टाका. ती शेवटच्या अर्जासाठी राखून ठेवलेली बरी.

खाली सही करणाऱ्यानं नाव, घर क्रमांक आणि मोबाईल लिहावा. शंभर सह्यांचा अर्ज देण्याची पद्धत आहे, पण उत्तर कुणाच्या नावे पाठवायचं हे त्यात कळत नाही. एकानं अर्जदार म्हणून सही करावी, बाकीच्या सह्या यादी म्हणून जोडाव्यात.

पोच घेण्याचा सराव वर्गातच करा. अर्जाच्या दोन प्रती. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं ऐकलं की नव्या माणसाचा हात ढिला पडतो. तिथं काय बोलायचं ते पाठच करून घ्या: ‘दादा, साहेबांना तुम्ही द्या, मला फक्त आवक नंबर द्या.’ आवाज चढवायचा नाही, पण नंबर घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एकानं कारकून व्हायचं आणि टाळाटाळ करायची, दुसऱ्यानं पोच घ्यायची, अशी जोडीजोडीनं तालीम घ्या. कारकुनाचं काम बायका फार झकास करतात, कारण त्या टाळाटाळीचा अनुभव त्यांच्याकडं भरपूर असतो.

कार्यालयभेट

सातवी बैठक सोमवारी दुपारी ठेवा. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतो. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. बऱ्याच कार्यालयांत कर्मचाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं, म्हणून निर्णयाची प्रत खिशात ठेवा. पाच-पाच जणांच्या तुकड्या करा; वीस जण एकदम आत शिरले की तो मोर्चा दिसतो.

तिथं विचारायचं एकच: आमच्या अर्जाची फाईल सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि कधीपासून? विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या कायद्यात (तो बदल्यांच्या नियमनासह २००५ चाच) एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये असं म्हटलंय. हे वाक्य भांडताना वापरू नका. पाठपुराव्याच्या पत्रात शांतपणे लिहा, तिथं ते जास्त काम करतं.

कामाचा प्रवासही इथंच समजून घ्या: त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती, आणि शेवटी देयक. ‘काम मंजूर झालंय’ असं कुणी सांगितलं की शिकलेल्या माणसानं लगेच विचारायचं, यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे?

उत्तर मिळालंच नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केलं नाही?’ असं विचारू नका, कारण कायद्यानं नोंदीतली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. ‘आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत’ मागा. पण हे हत्यार पहिल्या महिन्यात काढू नका. चहाच्या टपरीवर अधिकाऱ्याला ‘आरटीआय टाकू काय?’ म्हणणारा माणूस वर्गात असेल तर त्याला बाजूला घेऊन समजवा. त्याच्यामुळं बाकीच्यांची दारं बंद होतात. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन आणि पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांपुढं तक्रार मांडायचे ठरलेले दिवस, हे त्याआधीचे मार्ग आहेत. तिथं विहित नमुन्यात आगाऊ अर्ज लागतो.

नमुना सभा आणि ठराव

आठवी बैठक. कायद्यातली चार वाक्यं आधी सांगून टाका. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवे विषय घेता येत नाहीत. आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिसरं वाक्य नीट समजवा. सकाळची सभा कोरम नाही म्हणून तहकूब करायची आणि नंतर पंधरा-वीस जणांत विषय उरकायचे, हा प्रकार लोकांनी बघितलेला असतो, फक्त त्यामागचा नियम माहीत नसतो.

आता चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटा. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाच सदस्य, बाकी ग्रामस्थ. ग्रामस्थांतल्या तिघांना गुपचूप सूचना द्या: एकानं मधेच जुनं भांडण उकरायचं, एकानं दर विषयाला ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचं, एकीनं महत्त्वाचा प्रश्न अगदी हळू आवाजात विचारायचा. सरपंच बाई असेल तर एक ‘सरपंचपती’ शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि ती त्याला कसं थोपवते ते बघा. ‘तुम्ही ग्रामस्थांत बसा, विषय आला की बोला’ हे वाक्य वर्गात चार वेळा म्हटलेलं असलं तरच सभेत तोंडातून बाहेर पडतं.

कार्यक्रमपत्रिकेवर चार विषय ठेवा: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, तुम्ही निवडलेला प्रश्न, एक खर्चाचा विषय, आणि ऐनवेळचे विषय. चाळीस मिनिटांत सभा संपवा. मग ग्रामपंचायत अधिकारी झालेल्यानं लिहिलेलं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, मोठ्यानं वाचायला लावा. खरा धडा इथं आहे. सभेत अर्धा तास जे गाजलं ते वहीत ‘सविस्तर चर्चा होऊन विषय मंजूर’ एवढंच उतरलेलं असतं. हळू आवाजातला प्रश्न तर वहीत नसतोच. सगळे एकमेकांकडं बघतात.

मग ठराव कसा लिहायचा ते घ्या, नववी बैठक त्यासाठीच आहे. ठराव क्रमांक, विषय, काय करायचं, कुणी करायचं, किती रकमेपर्यंत, कोणत्या निधीतून, कधीपर्यंत, सूचक, अनुमोदक, आणि मतं सर्वानुमते की बहुमतानं. विरोध असेल तर विरोधकाचं नाव नोंदवून घ्यायला लावायचं. दोन सवयी पक्क्या करा. हजेरीची सही आणि ठरावाखालची सही या वेगळ्या आहेत हे कळल्याशिवाय पेन उचलायचं नाही. शेवटच्या विषयाखाली उरलेली कोरी जागा रेघ मारून बंद करायला सांगायची. कोऱ्या जागेत पुढं काय वाढेल याचा भरवसा नाही.

चांगला ठराव दाखवायला लांब जायला नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ‘स्त्रियांचा सन्मान राखावा’ असं गुळमुळीत लिहिलं असतं तर ते वहीतच राहिलं असतं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं अशा ठरावीक कृतींवर बोट ठेवलं, म्हणून तो दुसऱ्या गावाला जसाच्या तसा उचलता आला. वर्गातल्या प्रत्येक ठरावाला हाच प्रश्न विचारा: शेजारच्या गावानं वाचला तर त्यांना काय करायचं ते कळेल का?

तुमचा विषय खऱ्या ग्रामसभेत यायचा असेल तर नोटीस निघण्याआधी तो लेखी द्या आणि पोच घ्या. साधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा २६ जानेवारीसाठी १० जानेवारीच्या आत अर्ज गेलेला बरा. ऐनवेळच्या विषयात खर्चाचं काही रेटू नका.

आकड्यांची बैठक

दहाव्या बैठकीला निवृत्त ग्रामसेवक किंवा लेखापाल बोलवा. सत्कार, शाल, नारळ, फेटा नको. त्यात अर्धा तास जातो. त्यांना प्रश्न आठवडाभर आधी लिहून द्या.

ग्रामपंचायतीचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी. तेहतीस नमुने आहेत, पण नव्या माणसाला हे चार पुरेत. आकडेमोड एकच करून घ्या. समजा गावाचं स्वतःचं उत्पन्न २० लाख आहे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, म्हणजे ३ लाख. १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, २ लाख. ५ टक्के दिव्यांगांसाठी, १ लाख. आता आपल्या गावाच्या अंदाजपत्रकात हे तीन आकडे शोधा, मग मागच्या वर्षी प्रत्यक्षात खर्च किती झाला ते शोधा. तरतूद आणि खर्च यांतलं अंतर बघून वर्गात जी शांतता पसरते ती दुसऱ्या कुठल्या व्याख्यानानं पसरत नाही. वसुलीचा आकडाही बघायला लावा. घरपट्टी थकवणारे वर्गातही असतात आणि उत्पन्न कमी म्हणजे हे तिन्ही आकडे कमी, हा हिशोब त्यांना स्वतःलाच करू दे.

बोलणं

यावर एकच बैठक, अकरावी. तीन मिनिटं, घड्याळ समोर. पहिल्या वाक्यात मागणी, मग मोजलेले आकडे, मग तारीख. ‘सन्माननीय व्यासपीठ’ आणि शिवाजी महाराज, शाहू महाराज यांच्या नावानं सुरुवात करण्यात पहिलं मिनिट जातं. वंदन मनात करावं. बोलीत बोलू द्या. प्रमाण मराठीच्या नादात माणूस अडखळतो.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक सराव

प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळचा पट्टा किंवा शहरातल्या पूररेषेतल्या गल्ल्या असतील तर वेगळा प्रश्न शोधत बसू नका. गल्लीचा पूर आराखडाच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कार्डशीटवर तीन रकाने आखा: ३९ ला काय, ४३ ला काय, त्याच्या वर काय. पहिल्यात यादी: अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका, जनावरं किती, कुणाकडं ट्रॅक्टर आहे, शाळेची चावी कुणाकडं. दुसऱ्यात जनावरं हलवणं, कागदपत्रं, सिलिंडर. जनावरं मागं राहिली म्हणून माणसं घर सोडत नाहीत, तेव्हा चारा कुठं आणि गोठा कुठं हे आधी ठरवा, माणसांची छावणी नंतर. प्रत्येक ओळीपुढं दोन नावं हवीत. एकच नाव लिहिलं तर त्या रात्री तोच माणूस पाहुण्याकडं गेलेला असतो. हा आराखडा ग्रामसभेच्या ठरावानं मंजूर करून तहसीलदारांना प्रत द्या.

कुठं बिघडतं

चौथ्या-पाचव्या बैठकीला गळती लागते, कारण गप्पा संपून कागद सुरू होतो. त्या आठवड्यात घरी जाऊन भेटा, फोनवर काम होत नाही.

एखाद्या नेत्यानं फोन करून तुमचा प्रश्न दोन दिवसांत सोडवला तर हिरमोड करून घेऊ नका आणि त्याला हाकलूही नका. काम झालं ते चांगलंच. मात्र ते कोणत्या निधीतून, कोणत्या आदेशानं झालं हे वहीत लिहून घ्या आणि वर्गासाठी पुढची चिठ्ठी काढा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त तारीख, जागा आणि कागदांचे फोटो. ‘शुभ सकाळ’वाल्याला एकदा प्रेमानं सांगा, मग ग्रुप फक्त अॅडमिनसाठी करून टाका.

अधिकाऱ्यांशी कडवटपणा आला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: आधी पेपरला बातमी, मग त्यांना अर्ज. क्रम उलटा ठेवा.

बारावी बैठक आणि पुढं

पाठपुराव्याचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून चालू हवं. रकाने: अर्जाचा विषय, कार्यालय, आवक क्रमांक व तारीख, कुणाशी बोललो, काय म्हणाले, पुढं कधी जायचं, कोण जाणार. ‘काय म्हणाले’ हा रकाना त्याच दिवशी, त्याच शब्दांत भरायचा. बाराव्या बैठकीत ते समोर ठेवून प्रत्येक चालू विषयाला दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष, आणि महिन्यातून एक बैठक ठरवा. दुसऱ्या तुकडीला शिकवायला बाहेरचा वक्ता शोधू नका. पहिल्या तुकडीत ज्यांनी प्रोसिडिंग नीट लिहिलं त्या दोघा-तिघांना पाचवी, सहावी आणि आठवी बैठक द्या. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर हजेरीवर देऊ नका. ज्याच्या नावावर निदान एक पोच आहे आणि ज्यानं रजिस्टरमध्ये त्या अर्जाचं पुढचं उत्तर लिहिलंय, त्याला द्या.